शीतगृह विभाग (उष्ण शाखा)

ओलाव्याइतका बेभरवशाचा पदार्थ जगात दुसरा नाही. तो भिंतीत शिरला तर पोपडे निघतात, कागदात शिरला तर शाई फुटते, आणि अधिकाऱ्याच्या मनात शिरला तर तो भेटायला आलेल्या माणसाला खुर्ची देऊ लागतो. म्हणूनच कोणतीही जबाबदार संस्था ओलाव्यापासून चार हात लांब राहते. आमची संस्था तर औषधे तयार करणारी. तेव्हा तिच्या कारभारात ओलाव्याला थारा नसावा, असा कोणाचाही समज होईल, आणि तो बरोबरच आहे. (ओले होते ते फक्त औषध.)

मी या संस्थेत जनसंपर्क अधिकारी आहे. संस्थेत जे घडते ते कसे चांगले, हे जनतेला समजावून सांगणे हे माझे काम. जे घडत नाही ते न घडण्यातच कसे हित आहे, हे समजावण्यासाठी वेगळे पद मंजूर नाही. ते काम मी अतिरिक्त कार्यभार म्हणून सांभाळतो आणि बहुतेक दिवस त्यातच जातो.

आमचे मुख्य औषध नसांच्या एका चिवट आजारावरचे. या आजारात यकृत एक प्रथिन वाकडेतिकडे करून रक्तात सोडते. ते जाऊन नसांमध्ये साचते, आणि माणसाची आधी बोटे, मग हात, मग पाय बधिर होत जातात. यावरचे औषध यकृतालाच जाऊन सांगते की, बाबा रे, हे प्रथिन बनवणे थांबव. अडचण एवढीच की हे औषध नुसते टोचले तर वाटेत रक्तातच त्याचे तुकडे होतात. म्हणून ते चरबीच्या थेंबांत बंद करून पाठवतात. हे थेंब इतके लहान की एका केसाच्या जाडीवर हजारेक थेंब ओळीने उभे राहतील. (असे उभे करून कोणी पाहिलेले नाही, कारण केस पुरवण्याबाबत कोणत्या विभागाने पुढाकार घ्यावा, हे ठरले नव्हते.)

या थेंबांचा स्वभाव मात्र फार मायाळू. जरा ऊब मिळाली की एकमेकांच्या गळ्यात पडतात, एकत्र होतात, त्यांचे गोळे बनतात आणि पोटातले औषध बाहेर सांडते. तेलही गेले, तूपही गेले. त्यामुळे थेंबांना कायम कडाक्याच्या थंडीत ठेवावे लागे. थंडीत माया आटते, हा अनुभव थेंबांनाही लागू पडतो.

थंडी सांभाळण्यासाठी आमच्याकडे शीतगृह विभाग होता. संस्थेची सर्वांत मोठी इमारत त्याचीच. संस्थेच्या दर दहा कर्मचाऱ्यांपैकी सात जण थंडी राखण्याच्या कामावर होते, दोघे थंडी राखली गेल्याची नोंद ठेवत आणि उरलेला एक औषध तयार करी. विभागाचे प्रमुख म्हणजे शीतसाहेब. बाहेर कितीही उकाडा असो, त्यांच्या अंगात कापूस भरलेला जाड कोट असायचाच. त्या कोटामुळे माणूस हुद्द्यापेक्षा रुंद दिसे. औषध पोहोचवायला त्यांच्याकडे पांढरी गाडी होती. तिचे दार उघडले की गार पांढरा धूर बाहेर लोळत यायचा आणि रस्त्यावरची माणसे आपोआप बाजूला व्हायची.

आता माझ्या सासऱ्यांविषयी. ते शिंपी. दूर डोंगरावरच्या एका लहानशा गावात त्यांचे दुकान आहे. सदऱ्याची कॉलर शिवावी तर त्यांनीच, असे तिथले लोक म्हणतात, आणि मी त्यांचा जावई असूनही मला ते मान्य आहे. वर सांगितलेला आजार त्यांनाच आहे. हा योगायोग नव्हे. त्यांचा आजार कळला त्याच आठवड्यात बायकोने आमच्या संस्थेची जाहिरात शोधून काढली, अर्ज भरला आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "सही करा." मी केली. माझ्या कारकिर्दीतला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय; आणि तो माझा नव्हता, हे मी कोणापासून लपवत नाही.

औषध ठरल्या वेळी मिळाले की सासऱ्यांची बोटे ठीक असत. गाडी वर जायची, तिथल्या छोट्या दवाखान्यातल्या सिस्टर औषध उतरवून घ्यायच्या आणि सलाईनमधून देत. पण डोंगराचा रस्ता डोंगरासारखाच मनमानी. दरड कोसळली की गाडी खाली अडकून पडे. गाडीत धूर असेपर्यंत चालक धीर धरी, धूर संपला की नुसताच बसून राही. रस्ता मोकळा होऊन गाडी वर पोहोचेपर्यंत बाटलीतले औषध फुटलेल्या दुधासारखे झालेले असायचे. सिस्टर बाटली उजेडात धरायच्या, मोरीत ओतायच्या आणि बाहेर थांबलेल्या पेशंटांना घरी पाठवायच्या.

वार्षिक अहवालात मी लिहिले, 'डोंगरी भागात शंभर टक्के बाटल्या पोहोचवण्यात आल्या.' त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

अशा दोन-तीन खेपा वाया गेल्यावर सासऱ्यांच्या एका पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर लाल ठिपका दिसला. सुई बोटात शिरली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. त्यांनी कॉलर धुतली, कोणाला काही सांगितले नाही, आणि त्या दिवसापासून कारागिराला पुढे बसवून स्वतः फक्त मापे घेऊ लागले. सासूबाईंनी ते पाहिले आणि फोनवर लेकीला सांगितले. लेकीने मला सांगितले, म्हणजे जेवताना ताट माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "बाबांनी शिवणं सोडलंय. तुमच्या अहवालात घाला."

माझी बायको कधी आवाज चढवत नाही. चढवला असता तर सोपे गेले असते.

याच काळात संस्थेच्या मागच्या अंगाला, गाड्या उभ्या करण्याच्या जागेपलीकडे, एका खोलीत एक बाई औषध वाळवण्याच्या खटपटीत होत्या. त्या खोलीचे अधिकृत नाव 'शुष्कीकरण कक्ष'. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या ठेवत. कक्ष झाल्यावरही खुर्च्या हलल्या नाहीत, कारण त्या हलवण्याचा अधिकार सामान विभागाचा होता. सगळी संस्था त्या शास्त्रज्ञ बाईंना 'वाळवणबाई' म्हणायची. नाव ठेवले होते चेष्टेने, पण बाईंनी ते मनाला लावून घेतले नाही. त्या स्वतःच फोन उचलून "वाळवण बोलतेय" म्हणायच्या, त्यामुळे चेष्टेतली गंमत गेली आणि नाव तेवढे राहिले.

बाईंचे म्हणणे साधे होते. थंडीत ठेवलेले औषध थंडी गेली की बिघडते. मग थंडीवर विसंबायचेच कशाला? त्यातले पाणी काढून घ्या, कोरडी पावडर करा, कपाटात ठेवा, हवी तेव्हा पाणी घालून वापरा. हे ऐकून शीतसाहेबांना ठसका लागला आणि त्यांना कोटाची वरची गुंडी सोडावी लागली. इतके टोकाचे पाऊल त्यांनी पूर्वी कधी उचलले नव्हते.

वाळवायची रीत अशी. आधी औषध गोठवायचे. मग यंत्रातली हवा जवळपास सगळी खेचून घ्यायची आणि अगदी बेताने ऊब द्यायची. अशा वेळी बर्फाचे पाणी न होता थेट वाफच होते आणि खाली कोरडा, पांढरा, हलका थर उरतो. (मधली पायरी वगळून थेट वरच्या पदावर जाण्याचे आमच्या संस्थेतले हे एकमेव उदाहरण. कर्मचारी संघटनेने सेवाज्येष्ठतेच्या मुद्द्यावर हरकत नोंदवली आहे.)

पहिल्या खेपेला थर सुरेख जमला. पण पाणी घातले तर गोळेच गोळे. गोठताना बर्फ वाढत जातो आणि थेंबांना कोपऱ्यात दाटीवाटीने कोंडतो, तिथेच ते एकमेकांना चिकटतात, असे बाईंच्या ध्यानात आले. यावर उपाय साखर. साखर पेरली की माणसे एकत्र येतात हे सर्वश्रुत आहे; इथे ती लांब ठेवायला पेरायची होती. योग्य जातीची साखर योग्य प्रमाणात घातली की ती गोठताना काचेसारखी घट्ट होते आणि प्रत्येक थेंबाला आपापल्या जागी धरून ठेवते. पाणी घातले की आधी साखर विरघळते आणि थेंब सुटे होऊन बाहेर पडतात. पण कोणती साखर आणि किती? त्यासाठी बाईंनी हिवाळा घालवला, उन्हाळा घालवला. साखर कमी पडली तर गोळे होत, जास्त झाली तर थर खचून बाटलीच्या बुडाशी चिकट बसे. त्या दिवसांत मी तिकडे गेलो की बाई बाटली हातात धरून खिडकीशी उभ्या असलेल्या दिसत आणि माझ्याकडे न बघताच "नाही" म्हणत. मी काही विचारलेले नसायचे.

मग एक दिवस त्यांनीच मला बोलावून घेतले. माझ्यासमोर बाटलीत पाणी सोडले आणि बाटली हलकेच फिरवली. पांढरा थर बघता बघता नाहीसा झाला आणि पाण्यावर अगदी पुसटशी निळसर झाक आली. गोळा एकही नाही. थेंबांचे आकारमान मोजणाऱ्या यंत्रात तो नमुना घातला तर आकडा वाळवण्याआधीचाच आला. बाई एका मोडक्या खुर्चीवर बसल्या, खुर्ची कलली, त्याही तिच्याबरोबर कलल्या, आणि तशाच हसत म्हणाल्या, "सुट्टीवर गेलेली माणसंसुद्धा इतकी जशीच्या तशी परत येत नाहीत हो."

घरी आल्यावर हे मी बायकोला सांगितले. तिने एकच विचारले, "वर कधी जाणार?" मी म्हणालो, आधी समिती बसेल. त्या रात्री भाजीत मीठ नव्हते.

समिती बसली. साठवणुकीचा सर्वाधिक अनुभव शीतसाहेबांना असल्याने अध्यक्षपद साहजिकच त्यांच्याकडे गेले. पावडर टिकाऊ आहे की नाही हे ठरवण्याआधी टिकाऊ म्हणजे काय, हे ठरवणे भाग होते. यथावकाश पुढील व्याख्या निश्चित झाल्या:

टिकाऊ म्हणजे शीतगृहात टिकलेले.

शीतगृहाबाहेर जे टिकते ते टिकत नसून फक्त बिघडायचे राहिलेले असते.

शीतगृहातही न टिकणारे ते निकृष्ट.

या व्याख्यांना धरून, थंडीची गरज नसलेली पावडर संस्थेतल्या सर्वांत थंड खोलीत, सर्वांत आतल्या फडताळावर ठेवण्यात आली. (सुरक्षिततेसाठी.) परीक्षणाच्या दिवशी ती बाहेर आणून भर दुपारी समितीपुढे तशीच गार असताना उघडण्यात आली. शीतगृहातून बाहेर आलेल्या गार गोष्टीला दमट हवेत जे होते तेच झाले. काचेला आतबाहेर दव सुटले, कोरडा थर ते दव प्याला आणि सगळ्यांच्या देखत खचून चिकट होऊन बसला. शीतसाहेबांनी बाटली समितीपुढे फिरवली. बाई सांगत होत्या की बाटली आधी खोलीइतकी गरम होऊ द्या आणि मगच झाकण काढा. पण तोवर इतिवृत्तात 'निकृष्ट' हा शब्द लिहून झाला होता, आणि लिहिलेल्या शब्दावर पाणी ओतले तरी तो विरघळत नाही.

बाईंनी मग त्याच पावडरीच्या दुसऱ्या बाटल्या पुढे केल्या. त्या त्यांनी समितीच्या व्याख्या ठरेपर्यंत, म्हणजे पुढचा सबंध उन्हाळा, आपल्या टेबलाच्या खणात ठेवल्या होत्या, कात्री, कंगवा आणि डोकेदुखीच्या गोळ्यांच्या शेजारी. समितीच्या डोळ्यांदेखत त्यांत पाणी घातले आणि थेंब मोजले. एकूण एक थेंब जसाच्या तसा.

समितीतल्या एक-दोघांनी नकळत मान डोलावली आणि लगेच सावरली. शीतसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, हे कसं टिकलं हा प्रश्नच नाही. ते कोणाच्या परवानगीनं टिकलं?"

बाटल्यांवर 'नियमबाह्य टिकाव' असा शेरा पडला आणि प्रकरण पुढील विचारासाठी ठेवण्यात आले. शुष्कीकरण कक्षाचे घोंगडे भिजत पडले. यात काही विसंगती आहे असे मला वाटत नाही. वाळत घालायचे तर आधी भिजवावेच लागते. मी त्यावर एक निवेदनही काढले: 'संस्था टिकाऊपणाबाबत कोणतीही तडजोड करणार नाही.'

हे निवेदन वाचून बायकोने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कार्यालयात पाऊल ठेवले. मला वाटले, मला न्यायला आली. तिने मला विचारले फक्त वाळवणबाईंची खोली कुठे आहे ते, आणि गेली. थोड्या वेळाने मी मागून गेलो तर दोघी मोडक्या खुर्च्यांचा तोल सांभाळत समोरासमोर बसलेल्या. बायकोने वडिलांचे सगळे सांगितले असावे, कारण बाई आपल्याच बोटांकडे बघत होत्या.

बायको विचारत होती, "त्या साहेबांना नेमकं हवंय तरी काय?"

"थंडी," बाई म्हणाल्या.

"थंडी नाही हो. थंडी काय, फॅनखाली बसूनही मिळते. त्यांना इमारत जायला नको आहे. पावडर कपाटात राहिली तर त्यांच्या इमारतीचं काय?" मग जरा थांबून ती म्हणाली, "ते कपाटही त्यांनाच देऊन टाका ना."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिलो. जनसंपर्कात इतकी वर्षे काढूनही हे मला सुचले नव्हते. सुचले असते तर मी अधिकारी झालो असतो का, हा भाग वेगळा.

पुढचे काम माझे होते आणि ते मी मन लावून केले. 'शीतगृह विभागाच्या कार्यकक्षेचा विस्तार' या विषयावर मी टिपण लिहिले. त्यात म्हटले की थंडीचे व्यवस्थापन ज्यांना उत्तम जमते त्यांनाच थंडीच्या अभावाचे व्यवस्थापनही उत्तम जमेल. सबब, साधे लोखंडी कपाट हे शीतगृहच मानून त्याची 'शीतगृह विभाग (उष्ण शाखा)' स्थापन करावी आणि तीत टिकलेल्या पावडरीस शीतगृहात टिकलेली म्हणून टिकाऊ समजावे. शीतसाहेबांनी टिपण दोनदा वाचले. मग विचारले, "पाटी असेल?"

"असेल, साहेब."

"पितळी?"

मी हो म्हणालो. त्यांनी सही केली.

उष्ण शाखा आजही सुरू आहे. शाखा म्हणजे एक कपाट. त्याच्यापुढे एक पहारेकरी असतो; शीतगृहाच्या गणवेशाचा नियम त्यालाही लागू असल्याने तो कापूस भरलेल्या कोटात बसून घाम गाळतो. तापमानाची नोंद नियमित होते. नोंदीत रोज 'खोलीत आहे तेवढे' असे लिहितात, आणि आजवर ही नोंद एकदाही चुकलेली नाही.

संशोधनाचा लेख प्रसिद्ध झाला तेव्हा त्यावर पहिले नाव शीतसाहेबांचे होते. वाळवणबाईंचे नाव शेवटी, ज्यांचे आभार मानले त्यांत होते. छायाचित्रे काढणाऱ्याच्या आधी. मी त्यांना लेखाची प्रत नेऊन दिली. त्यांनी आपले नाव सापडेपर्यंत वाचले, कागदाची घडी केली आणि एका खुर्चीच्या आखूड पायाखाली सारली. खुर्ची डुगडुगायची थांबली. "बसा," त्या मला म्हणाल्या. मी बसलो. मग त्यांनी विचारले की डोंगरावर पहिली खेप कधी जाणार. आणि मी अंदाजे महिना सांगितल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

रीतसर चाचण्या झाल्या. आणखी काही महिने गेले, मंजुरी आली. पहिली खेप निघाली आणि डोंगराने लौकिकाला जागून दरड टाकली. पांढरी गाडी खालीच थांबली. पण या वेळी अडायचे काही कारणच नव्हते. वरच्या सिस्टर पायवाटेने खाली आल्या, बाटल्या पर्समध्ये रुमाल नि किल्ल्यांबरोबर टाकल्या आणि दरडीच्या कडेकडेने चढून परत गेल्या. पर्स उन्हात तापली होती. औषधाला त्याचे काहीच वाटले नाही.

वाटले ते माझ्या सासऱ्यांना.

सिस्टरांनी पर्समधून चिमूटभर पांढरी पावडर असलेली बाटली काढली तेव्हा त्यांनी विचारले, "गाडी कुठंय?" गाडीची आता गरज नाही, असे सिस्टरांनी सांगताच ते खाटेवरून उठले, चपला घातल्या आणि घरी गेले. फोनवर सासूबाईंनी हे सांगितले आणि आम्ही दोघे पायवाटेने वर गेलो.

मी सासऱ्यांना सगळे समजावले. थेंब, साखर, काच, सगळे. माझे इतके चांगले निवेदन पूर्वी कधी झाले नव्हते. ते शांतपणे ऐकत होते. मग टेप गळ्यातून काढून गुंडाळत म्हणाले, "जावईबापू, इतकी वर्षं बर्फातलं औषध यायचं. दार उघडलं की धूर यायचा. चार माणसं बघायची. आता पर्समधून पुडी. मी काही बरा व्हायचा नाही, असं ठरलंय का तुमच्याकडे? तसं असेल तर सरळ सांगा."

ते रागाने बोलत नव्हते. त्यांना खरेच तसे वाटत होते, हे त्यांच्या आवाजावरून कळत होते. अशा प्रश्नाच्या उत्तराचा नमुना आमच्याकडे उपलब्ध नाही.

बायको उठून दवाखान्यात गेली. तिथे शीतगृहाची एक जुनी पांढरी पेटी पडून होती. तिने ती पुसली. सिस्टरांच्या स्टोव्हवर पाणी उकळले, ते उकळते पाणी एका वाडग्यात ओतून वाडगा पेटीत ठेवला, शेजारी औषधाची बाटली ठेवली आणि झाकण लावले. कुठलासा जुना जाड कोट सिस्टरांच्या अंगावर चढवला. मग वडिलांना बोलावून घेतले. चार शेजारीही आले. सिस्टरांनी सगळ्यांसमोर झाकण उघडले आणि पांढरा दाट धूर बाहेर लोळला. धूर गार की गरम, हे बघणाऱ्याला कळत नाही. कळायला हात घालावा लागतो, आणि धुरात हात घालण्याची कोणाची छाती होत नाही.

सासऱ्यांनी पेटीकडे पाहिले. शेजाऱ्यांकडे पाहिले. मग बाही वर केली आणि हात पुढे केला.

औषध उतरत असताना ते लेकीला म्हणाले, "असं आधीच आणलं असतं तर? एवढं व्याख्यान कशाला?"

खेपा आता चुकेनाशा झाल्या. काही महिन्यांनी एका सकाळी सासूबाईंनी त्यांच्या हातात चहाचा पेला दिला तर त्यांनी तो चटकन खाली ठेवला आणि बोटे झाडली. गरम आहे, म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "मग फुंकून प्या," आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हे मला बायकोने सांगितले. सांगताना तीही खिडकीकडेच बघत होती.

ही बातमी मी वाळवणबाईंना नेली. त्या म्हणाल्या, "किती गरम होता चहा?" मला माहीत नव्हते. त्यांनी ते विचारून घ्यायला सांगितले.

डोंगरावरच्या इतर पेशंटांनीही पुडी नको, पेटी हवी, अशी मागणी केल्याचे संस्थेच्या निदर्शनास आले. मग आम्ही सर्वेक्षण घेतले. 'पर्समधून आलेले, पण न बिघडलेले औषध' आणि 'धुरातून आलेले औषध' यांपैकी शेकडा ब्याण्णव लोकांनी धूर निवडला. उरलेल्या आठांनी धूर आणखी दाट असावा, असे सुचवले. लोकेच्छेचा आदर राखून संस्थेने 'धूर उपविभाग' सुरू केला आणि त्याचा कार्यभार अर्थातच शीतसाहेबांकडे दिला. आता औषध सिस्टरांच्या पर्समधून आधीच वर गेलेले असते. रस्ता मोकळा झाला की पांढरी गाडी रिकामी पेटी घेऊन मागाहून जाते आणि गावच्या चौकात दार उघडून उभी राहते. लोक समाधानाने बाजूला होतात. उपविभागाची मागणी वाढत असून इतर रुग्णालये, तपासणी केंद्रे आणि खासगी डॉक्टर यांनाही आम्ही आता धूर पुरवतो.

हे वाचून तुम्ही माझ्या सासऱ्यांना हसत असाल तर हसा, ते मनाला लावून घेणारे नाहीत. फक्त गेल्या खेपेला तुम्हाला ताप आला होता तेव्हाचे आठवून पाहा. डॉक्टरांनी नीट तपासले आणि म्हणाले, "काही विशेष नाही. भरपूर पाणी प्या, झोप काढा, औषधाची गरज नाही." तुम्ही मान डोलावली, फी दिली, आणि पायऱ्या उतरता उतरता घरच्यांना म्हणालात, याला काही कळत नाही, दुसरा कोणी चांगला आहे का बघा. त्या दुसऱ्या डॉक्टरांनी तुम्हाला मशीनखाली झोपवले, दिवे लागले, काहीतरी घरघरले, आणि तुम्हाला तिथल्या तिथे बरे वाटू लागले.

ते डॉक्टर आमचे नेहमीचे ग्राहक. धूर कसा वाटला, तेवढे सवडीने कळवावे.